दाणाभर उंच दार

गाडीचं दार आपटणाऱ्या माणसाला आमच्या येरमाळ्यात एक शिक्षा ठरलेली होती. त्याला हाक मारून परत बोलावलं जायचं, दार उघडायला लावलं जायचं आणि दोन बोटांनी हळू पुन्हा लावून घेतलं जायचं. शिक्षा देणारे एकच, आमचे चाचा. हायवेच्या कडेला, एसटी स्टँडच्या थोडं पुढं त्यांचं पत्र्याचं शेड होतं आणि त्याला लागून माझं कुशनचं दुकान. ते गाड्यांचा चेपलेला पत्रा सरळ करायचे, मी गाड्यांच्या सीटा शिवायची. लोक त्यांना डेंटर म्हणायचे आणि ते त्यांना अजिबात आवडायचं नाही. "डेंट कुणीबी काडतंय. आपण दारं बसवितो," असं ते सांगायचे.

बाईमाणूस गाडीच्या सीटा शिवते याचं लोकांना सुरुवातीला फार नवल वाटायचं. पण शेजारच्या शेडमध्ये त्याहून मोठं नवल बसलेलं असल्यामुळे माझ्याकडे बघायला कुणाला फार काळ वेळ मिळाला नाही.

एकदा एक ठेकेदार आले. अंगावर कडक पांढरे कपडे, गळ्यात साखळी. गाडीतून उतरले, मागे न बघता दार धाडकन आपटलं आणि चहाच्या टपरीकडे निघाले. चाचांनी शेडमधूनच हाक मारली. "सायेब, जरा इकडं या. लागलंय."

ठेकेदार घाबरून मागे वळले. "कुणाला लागलं?"

"दाराला."

टपरीवरचे सगळे चहा विसरून बघत राहिले. ठेकेदारांचा चेहरा लाल झाला, पण चाचा दार उघडून शांतपणे उभे होते, आणि त्यांच्या पुढ्यात उभं राहिल्यावर माणूस उगीचच ऐकायचा. ठेकेदारांनी दोन बोटांनी दार ढकललं. लागलं नाही. चाचांनी खिशातून पाना काढला, लॉकपाशी काहीतरी अर्धा आटा फिरवला आणि पुन्हा ढकलायला सांगितलं. 'खट्' एवढाच आवाज झाला. मग ठेकेदारांनी स्वतःहूनच दार उघडलं आणि परत लावलं. चाचा म्हणाले, "बगा, आता ऐकतंय. मारल्यावर कोण ऐकतंय?"

हा माणूस गरीब-बिचारा, साधाभोळा होता असं कुणी समजू नये. साधेपणा त्यांच्या अंगाला कधी शिवला नव्हता. गॅरेजच्या काळ्या तेलकट धंद्यात ते इस्त्रीचा पांढरा पायजमा घालून यायचे. दाढीला मेंदी, कानात अत्तराचा बोळा, वरच्या खिशात कंगवा आणि छोटा आरसा. गाडीखाली शिरायच्या आधी केस विंचरायचे. मी एकदा विचारलं, "चाचा, खाली कोण बघणार आहे तुम्हाला?" तर म्हणाले, "गाडी बगती की."

आणि फुशारकी तर विचारूच नका. त्यांच्या वडिलांनी म्हणे हैदराबादच्या कुण्या नवाबाच्या मोटारीचं दार बसवलं होतं. मी दुकान टाकलं तेव्हा ते एक दार होतं. काही वर्षांनी चारही दारं झाली. पुढे पुढे तर वडील बाजूला पडले आणि चाचांनी स्वतःच ती बसवली होती, नवाब शेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि त्यांनी स्वतःच्या हातानं पान दिलं होतं. चाचांच्या वयाचा हिशेब मांडला तर नवाब तेव्हा कबरीत असायला हवे होते. पण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? आणि खरं सांगायचं तर ती गोष्ट दर वेळी आधीपेक्षा चांगली व्हायची, म्हणून आम्हीच ती काढायचो.

दोन दारांमधली किंवा दार आणि मडगार्डमधली जी फट असते, तिला ते भांग म्हणायचे. "बाईच्या डोक्यातला भांग आन् गाडीचा भांग, वाकडा आसला की लांबनंच दिसतंय." ती फट मोजायला बाजारात पट्ट्या मिळतात. चाचांकडे पट्टी नव्हती. त्यांच्याकडे चुन्याची एक जुनी डबी होती आणि तिच्यात ज्वारी. फटीच्या वरच्या टोकाला ज्वारीचा एक दाणा ठेवायचा आणि अंगठ्यानं ढकलत खालपर्यंत न्यायचा. कुठं अडला तर फट कमी, कुठं आत पडला तर जास्त. वरून खालपर्यंत सुखानं उतरला की दार बसलं. एक दाणा एकाच दाराला. नंतर तो टपरीवाल्याच्या कोंबडीला टाकायचा, कारण दाणा झिजतो असं त्यांचं म्हणणं.

बरं, दाणाही कसलाही चालायचा नाही. मुरुमकडची ज्वारी त्यांच्या मते माजलेली, कळंबकडची रोडावलेली. बेंबळीच्या काळ्या रानातली रब्बीची ज्वारी तेवढी मापात. हे अर्थात बेंबळीच्या पाटलापेक्षा माझ्या आईला जास्त पटायचं, कारण बेंबळी तिचं माहेर. मामा दर वर्षी ज्वारीचं पोतं धाडायचा आणि पोतं उतरलं की त्यातली पहिली ओंजळ आई चाचांच्या डबीसाठी काढून ठेवायची. मग चाचा आमच्या ओट्यावर बसून एकेक दाणा निवडायचे. आई म्हणायची, "भाकरी थापायची हाय का पोरगी बघायची हाय तुमास्नी?"

नव्या गाड्यांना ते हात लावायचे नाहीत. "ह्येला दार न्हाय, झाकण हाय," म्हणून वाटेला लावायचे. जुनी जाड पत्र्याची गाडी आली, दार लोंबकळत असलं, बिजागरी खिळखिळी झालेली असली की यांचा चेहरा फुलायचा. आणि एवढं सगळं करून यांच्या स्वतःच्या घराचं दार कसं होतं? खालून घासायचं, पावसाळ्यात फुगायचं आणि बंद करायला लाथ घालावी लागायची. चाची येणाऱ्या-जाणाऱ्याला ती लाथ घालून दाखवायच्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो तिथं नीट बघायला मिळायचा. चाचा म्हणायचे, "त्ये लाकूड हाय. लाकडाचं आपल्याला कळत न्हाय."

त्यांची सगळ्यात मोठी तऱ्हा म्हणजे माणसं बसवणं. रिकाम्या गाडीचं दार ते बसवायचेच नाहीत. "रिकाम्या गाडीत समदीच दारं शहाणी आसतेत," असं त्यांचं म्हणणं. जुन्या पत्र्याच्या गाडीत माणूस बसलं की गाडी त्या अंगाला जराशी दबते, पत्रा किंचित वाकतो आणि सरळ असलेली फट तिरपी होते. म्हणून ज्याची गाडी त्यानं, ज्या जागी बसतो त्या जागी, येऊन बसायचं. घरच्या बायकामाणसांनीही यायचं. कुणाला जमत नसेल तर चाचा त्याच्या बदल्यात स्टँडवरून माणसं गोळा करायचे. जाड मालक असला तर मिठाईवाल्याला बोलवायचे. एसटीची वाट बघणारे लोक, येडाईच्या दर्शनाला आलेले पाहुणे, सगळे त्या शेडमधल्या न हलणाऱ्या गाड्यांमध्ये बसून गेलेत. मीही हौसेनं एकदा बसायला गेले. त्यांनी मला उतरवलं. "आक्का, तुमी बसून काय उपेग न्हाय. तुमी म्हंजी वारं." तेव्हा मी होतेच तशी काटकुळी. मला राग आला होता.

आता आमच्या गाडीचं सांगते, कारण चाचांचा खरा हात मला तिथं दिसला.

माझे वडील भाड्यानं गाडी चालवायचे. ॲम्बॅसिडर, दुधाच्या सायीच्या रंगाची. लग्नाच्या वराती, येडाईचे भक्त, दवाखान्याचे पेशंट, सगळं त्या गाडीनं ओढलं. वडील गेले आणि गाडी घरामागच्या लिंबाखाली उभी राहिली. इंजिन अधूनमधून चालू करून ठेवलेलं, पण पुढचं डावं दार पार लोंबलेलं. ते दोरीनं बांधून ठेवलं होतं. त्या दाराची जागा आईची. वडील कुठंही निघाले आणि जागा रिकामी असली की आई तिथं.

वडील गेल्यावर आईचे गुडघे गेले. शरीरानं ती भारी होती. जीप उंच, एसटीची पायरी त्याहून उंच, रिक्षात तिला वाकून शिरता यायचं नाही. बेंबळीचा मामा तिच्याहून थोरला, त्यालाही आता काठीशिवाय उठवत नव्हतं. भाऊबीजेला आई मामाला फोनवरूनच ओवाळायची. तो म्हणायचा तू ये, ही म्हणायची तू ये, आणि निघत कुणीच नसे. आईचं एकच म्हणणं होतं, त्या गाडीत मी बसू शकते, तिची सीट माझ्या मापाची आहे.

माझा धाकटा भाऊ कळंबला नोकरीला. त्याला ती गाडी डोळ्यांपुढं नको होती. वडिलांची म्हणून नव्हे, दोरी बांधलेली म्हणून. तो म्हणाला, "अक्के, दिवाळीपर्यंत दार नीट लागलं आन् आई बसली तर ठिवू. न्हायतर भंगारवाल्याला बोलवितो. लिंबाखाली गंजत पडलेली मला बघवत न्हाय."  आई भाकरी थापत राहिली. मी दुसऱ्या दिवशी चार पोरं लावून गाडी ढकलत चाचांच्या शेडमध्ये आणली.

चाचांनी गाडीभोवती फेरी मारली, दोरी सोडली, दार हातात तोलून धरलं आणि पहिलं वाक्य मलाच म्हणाले. "आक्का, सीट टाका."

"चाचा, अजून रंग व्हायचाय. रंगाच्या आधी सीट टाकतेत व्हय कुणी? माझं नवं रेक्झिन घाण होईल."

"सीटबिगर मानूस कुठं बसंल? आन् मानूस बसल्याबिगर दार कुठं बसंल?"

"मग पोतं ठिवा की."

"पोतं निपचित पडतंय. मानूस हालतंय, वाकतंय, दाराला हात लावतंय."

आमचं तासभर भांडण झालं. आमच्या धंद्यात कुशन शेवटी असतं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण शेवटी मीच सीट आधी शिवली. आतला काथ्या तोच ठेवला, कारण आईच्या बसण्यानं त्याला जो आकार आला होता तो मला नव्यानं करता आला नसता. वर प्लास्टिक गुंडाळलं आणि आईला धरून आणलं.

चाचा गाडीसमोर उकिडवे बसले. "वैनी, बसा." आई बसली. "उतरा." उतरली. "पुन्यांदा बसा." आई बसताना उघड्या दाराची वरची कड पकडायची, सगळा भार त्यावर टाकायची, आडवी टेकायची, मग एकेक पाय आत घ्यायची. दार तिच्या हाताखाली करकरायचं. इतकी वर्षं ती अशीच बसत-उठत आली होती, म्हणून बिजागरी झिजली होती. हे आम्हा सगळ्यांना एकदमच दिसलं. आई खजील झाली.

चाचांनी विचारलं, "वैनी, दरवेळी दारालाच धरून चढता?"

"मग कशाला धरू? हे तर आधीच आत जाऊन हॉर्न वाजवत बसायचे."

कळंबहून आलेला भाऊ म्हणाला, "आई, दाराला धरू नगंस. आतनं एक कडी लावून घेऊ, तिला धर."

चाचा उठून उभे राहिले. एरवी ते माझ्या भावाशी आदबीनं बोलायचे, त्या दिवशी आवाज चढला. "मानसानं दारापरमानं वागायचं, का दारानं मानसापरमानं? वैनी, तुमी धरता तसंच धरायचं. ह्ये दार झिजलं न्हाय, ह्या दारानं नोकरी केली." आणि मग आईकडे वळून म्हणाले, "उद्या बी या बसायला."

आई रोज जाऊन बसू लागली. वाळवण घालायला निघावं तशी डोक्यावर पदर घेऊन निघायची. चाचांनी गंजलेला खालचा पत्रा कापून नवा जोडला, बिजागरीचे खिळे बदलले, मागे पत्र्याच्या पातळ चकत्या घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. लाकडी ठोकळा ठेवून हातोडीनं इतकं हळू ठोकायचे की शेजारी मला मशीन थांबवून ऐकावं लागायचं. कुणी घाई केली की म्हणायचे, "जल्दी का काम शैतान का. आपलं नाव दुसरं हाय." आई गाडीत बसून लसूण सोलायची. दोघांच्या गप्पा चालायच्या, वडिलांच्या, नवाबाच्या. नवाब आईलाही आवडू लागले होते.

दार बसलं असं चाचांनी सांगितलं तेव्हा गाडी रिकामी होती. पेंटर रंग मारायला आला, त्यानं फटीवर नजर टाकली. मग चाचांच्या डबीतला दाणा घेऊन वर ठेवला. दाणा तिथंच अडकला. दाराचं मागचं टोक वर चढलेलं होतं, दाणाभर. डोळ्यांना दिसेल इतकं.

"चाचा, दार वर गेलंय."

"ठावं हाय."

"रंग मारल्यावर आनखी दिसंल."

"मार तू रंग."

टपरीवर चर्चा सुरू झाली. चाचांची नजर गेली, हात गेला, वय झालं. हे सगळं त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोललं जायचं. भावानं येऊन बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "अक्के, दोरी बरी हुती." मी चाचांना म्हटलं, निदान सांगा तरी लोकांना काय केलंय ते. त्यांनी आरसा काढला, दाढीवरून कंगवा फिरवला आणि म्हणाले, "ती लोकं बसली हाईत व्हय त्यात? वैनी बसल्यावर बगा." आयुष्यभर स्वतःची टिमकी वाजवणाऱ्या या माणसानं तेवढ्या एका कामाबद्दल चकार शब्द काढला नाही. मला त्याचीच जास्त धास्ती वाटली. रंग वाळेपर्यंत आई घरात फराळाचे डबे भरत होती आणि भाऊ भंगारवाल्याचा फोन उचलत नव्हता, पण तोडतही नव्हता.

भाऊबीजेच्या सकाळी गाडी शेडबाहेर काढली. सायीचा रंग उन्हात नव्यासारखा दिसत होता आणि ते वर चढलेलं दारही. स्टँडवर सणाची गर्दी, सगळे थांबलेले. आई आली. अंगावर जरीची साडी, हातात करंज्यांचा डबा. डबा तिनं माझ्याकडे दिला, दाराची कड धरली आणि तिच्या पद्धतीनं सगळा भार टाकला. दार किंचित खाली आलं. करकरलं नाही. ती टेकली, गाडी त्या अंगाला दबली, एकेक पाय आत गेला. मग आईनं दोन बोटांनी दार ओढलं.

खट्.

चाचांनी डबीतून दाणा घेतला, तो वर ठेवला आणि अंगठा लावला. दाणा निघाला आणि कुठंही न अडता खालपर्यंत आला, खाली पडला, कोंबडीनं टिपला. फट वरपासून खालपर्यंत सारखी, सरळ. आईच्या भाराचं माप काढून त्यांनी दार तेवढंच वर बसवलं होतं. ती बसली की दार जागेवर.

पेंटरनं वाकून बघितलं, मग पुन्हा वाकून बघितलं.  भाऊ जाऊन चाचांच्या पाया पडला आणि मला त्याचा इतका अभिमान वाटला की मी डोळे पुसायला दुकानात गेले. बाहेर आले तर आई चाचांना म्हणत होती, "तुमी बी चला बेंबळीला." चाचा मागच्या सीटवर जाऊन बसले. मागचं दार नीट लागतंय का ते बघायला, असं त्यांनी कारण दिलं. बेंबळीत मामा काठी टेकत अंगणात आला होता. आईनं दार स्वतः उघडलं आणि त्याच दाराला धरून उतरली. ती ओवाळत होती तेव्हा चाचा रानाच्या कडेला जाऊन पेरलेल्या ज्वारीची चौकशी करत होते.

आई त्यानंतर बरीच वर्षं त्या गाडीतून फिरली. आता ती नाही, मामाही नाही. चाचांना त्यांच्या लेकीनं मुरुमला नेलं. शेडमध्ये आता पंक्चरचं दुकान आहे. गाडी माझ्या दुकानापुढं उभी असते, आणि भंगारवाल्याचं नाव काढलं तर माझा भाऊच अंगावर येतो. गाडी रिकामी असली की ते दार दाणाभर वर दिसतं. येणारा-जाणारा बोट दाखवतो. पलीकडच्या नव्या डेंटरनं तर किती वेळा सांगितलं, "मावशी, दार चुकीचं बसलंय, आत्ता खाली घेतो." मी त्याला पाना लावू दिला नाही. म्हटलं, बाबा, ते चुकीचं नाही, ते एका माणसाच्या मापाचं आहे.

गेल्या भाऊबीजेला भाऊ आला आणि म्हणाला, चल, बेंबळीला मामाच्या पोरांकडे जाऊन येऊ. मी दुकान बंद करेपर्यंत तो आत जाऊन हॉर्न वाजवत बसला. आता माझेही गुडघे कुरकुरतात आणि मी वारं राहिलेली नाही, हे माझी सून आडून आडून सुचवत असते. मी नकळत दाराची कड धरली, भार टाकला, आडवी टेकले, एकेक पाय आत घेतला. काथ्याच्या खळग्यात नीट बसले. दोन बोटांनी दार ओढलं.

खट्.

भावानं माझ्याकडे बघितलं. मग तो उतरला, घरी जाऊन पोत्यातली ज्वारी मुठीत घेऊन आला. मी काचेतून त्याचा अंगठा बघत होते. अंगठा वरून निघाला तो सरळ खाली गेला. "उतरला," तो म्हणाला.

मी तिथंच बसून मुरुमला फोन लावला. चाचांना आता कमी दिसतं, पण आवाज तसाच आहे.

"चाचा, दाणा खाली उतरला. आमच्या दाराचा."

"कोन बसलंय?"

"मीच."

 चाचा म्हणाले, "म्हंजी तुमी वैनीएवढ्या झालाव." आणि लगेच, "दार आपटलं न्हाय ना?"

"न्हाय. दोन बोटांनी लावलं."

"दाणा कुठला?"

"बेंबळीचा."

"मंग बरुबर हाय," ते म्हणाले. फोन ठेवायचं विसरले असावेत, कारण पुढचं मला ऐकू आलं. ते लेकीला सांगत होते की येरमाळ्यात एक गाडी आहे, सायीच्या रंगाची, तिचं पुढचं डावं दार माझ्या हातचं आहे. बराच वेळ सांगत होते. नवाबाचं त्यांनी नावही काढलं नाही.